आंधळं फूल

बागेत जाऊन नेमकं काय करायचं असतं, हे मला त्रेसष्ट वर्षांत कळलं नव्हतं. लिंबायतला राहत होतो तेव्हा दारात एक तुळस होती, तीही डालड्याच्या डब्यात. पुढे डिंडोलीला फ्लॅट घेतला आणि सून सुवर्णानं बाल्कनीत चार कुंड्या मांडल्या. आमची हिरवळ तेवढीच. म्हणून संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सुवर्णा बँकेतून घरी आली आणि म्हणाली, "आई, रविवारी इंग्लिश गार्डन बघायला जायचंय, पास मिळालेत," तेव्हा मी म्हटलं, "मी येऊन काय करू? मला बघून तिथली फुलं इंग्रजीत बोलणार आहेत का?"

"तुम्ही फक्त चला हो," ती म्हणाली. सुवर्णा गोड बोलायला लागली की समजावं, मागे काहीतरी आहे.

मागे काय आहे ते मला ठाऊक होतं. माझा मुलगा ललित महिनाभर माझ्या मागे लागला होता. त्याला त्याच्या वडिलांचा विधी करायचा होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला, सुरत बुडाली, त्यात आमचे हे गेले ते परत आलेच नाहीत. स्कूटर सापडली, हे सापडले नाहीत. माणूस बारा वर्षं आला नाही की त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ. मग तो माणूस गेला असं धरतात. बाराची अठरा वर्षं झाली तरी मी हो म्हटलं नव्हतं. अजून कुंकू लावत होते. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही म्हणून बायकांची पंचाईत व्हायची आणि मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची.

"पितृपक्षात सगळे बापाच्या नावानं घास ठेवतात," ललित म्हणायचा. "मी कुणाच्या नावानं ठेवू? धड आहेत म्हणता येत नाही, धड गेले म्हणता येत नाही." त्याचं खरं होतं. पण लगेच तो पुढचं वाक्य बोलायचा, "त्यांना आपल्यापेक्षा त्या छपाईच्या फिल्मा प्यार्‍या होत्या. पुराच्या पाण्यात कुणी जातं का?" ललित तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हे वाक्य तो तेव्हापासून बोलतो आहे आणि मी ते अठरा वर्षं ऐकून घेते आहे.

तर रविवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं निघालो. ललितची हजिऱ्याच्या कारखान्यात ड्यूटी होती. बागही त्याच रस्त्याला, इच्छापोरच्या पुढे एका मोठ्या फार्महाऊसमध्ये. फाटकात एक माणूस पास बघत होता. बाहेर ट्रकांची धूळ, चहाच्या टपऱ्या, लांब हजिऱ्याच्या चिमण्या. आणि आत पाऊल टाकलं तर मी बोलायचीच थांबले.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका झाला की मलाच माझं आश्चर्य वाटलं. आपल्याकडे बाग म्हणजे चौकोनी हिरवळ आणि "फुलं तोडू नये" अशी पाटी. इथं विटांची एक वाट नागमोडी आत गेली होती आणि दोन्ही बाजूंनी फुलं वाटेवर उतू आली होती. मागे उंच हॉलीहॉक, त्याच्या पुढे निळा लार्कस्पर, त्याच्या पुढे फ्लॉक्स आणि अगदी पायाशी पांढऱ्या डेझी. सगळं आपोआप उगवल्यासारखं, पण उंची, रंग, सगळं मोजून. वळणावर गुलाबांची कमान. कमानीखालून पुढे काय आहे ते दिसत नव्हतं, म्हणून चालावंसं वाटत होतं. लोक हळू आवाजात बोलत होते. मी पदर खोचून चालायला लागले आणि गुडघे दुखतात हे विसरले.

"आवडलं ना?" सुवर्णा म्हणाली.

"बरं आहे," मी म्हटलं. सुनेला एकदम सगळं कबूल करू नये.

कमान ओलांडली आणि समोर सूर्याचं घड्याळ दिसलं. दगडी खांब, वर गोल तबकडी, मध्ये पितळेची पाती. तबकडीवर एक ते बारा आकडे होते, भिंतीवरच्या घड्याळासारखे गोल फिरवून. ते आकडे बघितले आणि माझे पाय तिथंच राहिले.

ते घड्याळ मी आधी पाहिलेलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, मी ते काळ्या शाईनं गिरवलं होतं.

आमचे हे, भाईदास, डिझाइन आर्टिस्ट होते. साड्यांवर, पडद्यांवर जी फुलं छापतात ती आधी कुणीतरी कागदावर रंगवावी लागतात. ते काम यांचं. कागदावरचं चित्र मग रंगांमध्ये फोडायचं. जितके रंग तितक्या पारदर्शक फिल्मा. प्रत्येक फिल्मवर तेवढ्या एकाच रंगाचा भाग काळ्या शाईनं गिरवायचा. त्यावरून छापायच्या जाळ्या बनतात. ते काम माझं. वेड रोडला तळमजल्यावर आमची एक खोली होती. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, एका बाजूला ते आणि एका बाजूला मी. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांवर व्हायचं.

एका मिलसाठी यांनी पडद्याचं डिझाइन केलं होतं, इंग्लिश गार्डन. अमळनेर आणि सुरत सोडून तिसरं गाव न बघितलेल्या माणसानं एका जुन्या कॅलेंडरवरून विलायतेची बाग काढली. कॅलेंडरवर सूर्याचं घड्याळ अर्धं वेलीत झाकलेलं होतं. उरलेलं अर्धं यांनी मनानं पूर्ण केलं, बाराचे बारा आकडे टाकून. सावल्या सगळ्या डावीकडे पाडल्या. "तिथलं ऊन कोन्ही दखेल शे?" असं अहिराणीत म्हणाले होते, "आपू डावीकडे पाडू."

खऱ्या सूर्यघड्याळाला बारा आकडे गोल नसतात, हे मला पुढे एकानं सांगितलं. रात्री सावली कुठून येणार? म्हणजे अशी चूक जगात एकाच माणसानं केली होती आणि ती चूक इथं दगडात उभी होती.

"तमने गम्यो?" मागून कुणीतरी गुजरातीत विचारलं, आवडली का म्हणून. साधी सुती साडी, हातात मातीनं भरलेले मोजे. त्या नूतनबेन, बागेच्या मालकीण. मी त्यांना विचारलं, हे घड्याळ कुणी केलं. त्या हसल्या. त्यांच्या वडिलांची मिल होती. लहानपणी त्यांच्या खोलीत एक पडदा होता, त्यावर ही बाग. ताप आला की त्या पडद्याकडे बघत पडायच्या आणि मनानं त्या वाटेवरून चालायच्या. मोठेपणी बाग करायची ठरली तेव्हा मुंबईहून आलेल्या आर्किटेक्टसमोर त्यांनी तो पडदाच पसरला. "में कह्युं, बस, आवो ज बगीचो जोईए, असाच हवा. तो म्हणाला, बेन, घड्याळ चुकीचं आहे. मी म्हटलं, चुकीचं तर चुकीचं, पडद्यात आहे तसं कर."

मी काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. अठरा वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की यांचं काहीतरी जमिनीवर उभं आहे. सगळं वाहून गेलं नाही. मी त्या तबकडीवरून हात फिरवला.

तेवढं बघून मी घरी आले असते तर बरं झालं असतं. पण मला ते फूल शोधायचं होतं.

त्या डिझाइनला नऊ रंग होते. पिवळ्या रंगाची फिल्म गिरवताना माझ्याकडून एका डेझीचा मधला ठिपका राहिला. सगळ्या पांढऱ्या फुलांना पिवळा डोळा आणि एक फूल आंधळं. कापड छापून झाल्यावर लक्षात आलं. मी रडले. हे ते फूल बघून हसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ती तुनी सही." डिझाइन करणारे आपली नक्कल ओळखता यावी म्हणून कुठंतरी खूण लपवतात. आमची खूण अशी चुकून झाली.

घड्याळाच्या खांबाशी, डाव्या अंगाला, तिसऱ्या झुपक्यात. मी वाकले. ते होतं. जिवंत, ताजं, पाकळ्यांवर दव, आणि मध्ये काही नाही. पिवळ्याच्या जागी नुसतं पांढरं.

आता, घड्याळ गवंडी बनवू शकतो. फूल कोण बनवणार?

तिथं एक माळी खुरपत होता. दत्तू नाव, शिरपूरकडचा. मी अहिराणीत विचारलं तसा तो मोकळा बोलला. "माय, ते फूल मी रोज काढस. दुसरा दिन त्याच जागे परत येस. रोप उपटी टाकं, माती बदली, तरी तेच." मग त्यानं आवाज खाली केला. "आनि तो पुढला बाक दखा. ऊन ऱ्हावो, वारा ऱ्हावो, तो कधीच वाळत नही."

"कुठला बाक?"

त्यानं खुरप्यानं वाटेच्या टोकाकडे दाखवलं. तिथं कुंपणाला एक पांढरं लाकडी फाटक होतं, अर्धवट उघडं, आणि त्याच्या अलीकडे बाक. तेही पडद्यावरचंच. नूतनबेन मागून म्हणाल्या, "ते फाटक नुसतं शोभेचं आहे हं, मागे कंपाउंडची भिंत आहे." सुवर्णा गुलाबाच्या कमानीत फोटो काढत होती. मी एकटीच पुढे गेले.

बाक ओला होता. दत्तू सांगत होता तसाच. बसायच्या फळीवर एवढं पाणी, जणू कुणी भिजलेलं माणूस आत्ता उठून गेलंय. मी बोट लावलं आणि वास घेतला. गढूळ पाण्याचा वास. पूर ओसरल्यावर महिनाभर सुरतला तो वास होता, तो आम्ही कुणी विसरणार नाही.

आणि मग मला सांधा दिसला.

कापडावर चित्र एकदाच नसतं. एक तुकडा संपला की तोच पुन्हा सुरू होतो, त्याला आम्ही रिपीट म्हणतो. दोन तुकडे जिथं जुळतात तो सांधा गिऱ्हाइकाला दिसू द्यायचा नाही, यातच सगळी कला. पण तीस वर्षं तेच केलेल्या डोळ्यांना तो दिसतो. फाटकाच्या उंबऱ्यावर विटांची एक ओळ केसभर सरकलेली होती. हॉलीहॉकचं एक पान त्या रेषेवर अर्धं थांबलं होतं आणि पलीकडे त्याचं उरलेलं अर्धं होतं. मागे भिंत आहे म्हणतात तर पान पलीकडे कसं गेलं? मी फाटक ढकललं आणि पाय टाकला.

भिंत नव्हती. समोर विटांची वाट होती, हॉलीहॉक, लार्कस्पर, फ्लॉक्स, गुलाबांची कमान. मी ज्या बागेतून आले तीच बाग. फक्त माणसं नव्हती. मागचे आवाज कुणी बटण बंद करावं तसे बंद झाले होते. मी कुंपणावरून हजिऱ्याच्या चिमण्या शोधल्या, त्या नव्हत्या. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, पण प्रत्येक झाडाची सावली डावीकडे पडली होती. माझीसुद्धा.

मला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण बाग इतकी सुंदर होती की भीतीसुद्धा उशिरा लागली, हे मी आजही कबूल करते. मी घड्याळापाशी आले, आंधळं फूल होतं. बाकापाशी आले. बाकाखाली विटांवर पाणी साचलं होतं. पुन्हा फाटक, पुन्हा सरकलेली विटांची ओळ. मी ती ओलांडली. पुन्हा कमान, पुन्हा घड्याळ, पुन्हा फूल. या वेळी बाकावर स्कूटरची किल्ली होती, लाल रेक्झिनच्या पट्ट्याची. ती किल्ली मी ओळखत होते. तो पट्टा मीच शिवला होता.

पुढचं फाटक मी ढकललं नाही. ते आपोआप तेवढंच उघडलं, अर्धं.

चौथ्या बाकावर ते बसले होते.

पाठमोरे. चौकटीचा शर्ट छातीपर्यंत ओला, त्याच्या वर कोरडा. केस काळे. अठरा वर्षांपूर्वी होते तेवढेच, एकोणपन्नास वर्षांचे. मी आता त्यांच्यापेक्षा मोठी झाले होते. पँटमधून पाणी टपकत होतं आणि विटांवरून माझ्या पायांकडे येत होतं. ते खाली वाकून बाकाखाली हातानं काहीतरी चाचपडत होते.

"सापडन्यात नही अजून," ते म्हणाले. आवाज तोच, जरा दमलेला. "पिवळी सापडनी, ती फाटेल शे. बाकीन्या सापडतीन. तू घर जाय. मी येस."

आता ते सांगायला हवं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी हे घरीच होते. सकाळपासून बातम्या येत होत्या की वेड रोडला पाणी चढतंय. आमच्या फिल्मा तिथं तळमजल्यावर होत्या. त्याच इंग्लिश गार्डनची ऑर्डर परत आली होती, मी नऊच्या नऊ फिल्मा नव्यानं गिरवल्या होत्या. तीन महिने डोळे फोडले होते. हे म्हणाले, "जाऊ दे, वाचन्यात ते वाचन्यात." आणि माझं डोकं फिरलं. तुम्हाला माझ्या कामाची किंमतच नाही, असं मी म्हणाले. नको नको ते बोलले. यांनी मुकाट्यानं चप्पल घातली. जिन्यावरून खाली उतरत होते तेव्हा मी वरून ओरडले, "फिल्मा लिसन या! नही ते घर येऊच नका!"

रागात बायको बोलते तसं बोलले. पण ते माझं शेवटचं वाक्य ठरलं आणि या माणसानं आयुष्यात माझं एक वाक्य मोडलं नव्हतं. ललित तेव्हा मित्राकडे होता. त्यानं परत आल्यावर विचारलं, बाबा का गेले? मी म्हटलं, फिल्मा आणायला. पाठवलं कोणी, ते सांगितलं नाही.

आणि आता ते समोर होते. अठरा वर्षं मी देवाला एकच मागत होते, एकदा भेटू दे. भेटले, तर माझ्या मनात काय आलं? त्यांनी तोंड फिरवू नये, एवढंच. त्या मानेकडे बघून मला वाटलं की हे आता वळतील आणि पाण्यात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाचा चेहरा मला बघावा लागेल. "राहू द्या त्या फिल्मा," एवढं म्हणायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. त्यांचा खांदा जरासा हलला, वळायला लागल्यासारखा. मी पळाले. माझ्या नवऱ्याला तिथं वाकलेलं सोडून मी त्रेसष्टाव्या वर्षी पळत सुटले.

किती फाटकं ओलांडली ते माहीत नाही. एकदम गलबला कानावर आला आणि सुवर्णा समोर होती. "आई, आत्ताच तर तुम्ही होतात इथं. चला ना, एक फोटो काढू." मग तिची नजर खाली गेली. "साडी कशानं भिजली हो?"

काठ वीतभर ओला होता, आणि गढूळ.

रिक्षात मी तिला म्हटलं, "ललितला सांग, विधी करू." तिला वाटलं बागेमुळे मन मोकळं झालं. मन मोकळं वगैरे काही झालं नव्हतं. मला ते फाटक बंद करायचं होतं. जाळून टाकलं की संपलं, असं मी ठरवलं होतं. मायेनं नाही, भीतीनं हो म्हटलं.

फेब्रुवारीत, सकाळी नऊ वाजता, तापीच्या घाटावर गुरुजींनी पुतळा मांडला. पळसाची पानं आठवडाभर गच्चीवर वाळवलेली, हातात धरली तरी चुरा होत होती. नारळ, दर्भ, वर पांढरं वस्त्र. ललितनं अग्नी लावला. नारळाकडचा भाग धुमसला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. गुरुजींनी तूप घातलं, कापूर ठेवला. कापूर जळून गेला, पानं तशीच. गुरुजींनी वस्त्र उचलून हात लावला आणि मागे घेतला.

"ओली पानं कोणी आणली?" ते म्हणाले.

कुणी आणली नव्हती. पायापासून छातीपर्यंत पुतळा चिंब होता. छातीच्या वर पानं कडकडीत वाळलेली, तरी पेटली नव्हती. खालच्या वाळूत पाणी झिरपत होतं आणि मला तो वास आला.

ललित वैतागला. "बघितलंस? शेवटी पण आपल्याच मनाचे. त्यांना आपल्याकडे यायचंच नव्हतं. कधीच नव्हतं."

मेलेल्या माणसावर मी अठरा वर्षं माझा आळ ठेवला होता, आणि तो बिचारा अजून पाण्यात उभा राहून माझ्या फिल्मा शोधत होता.

"ललित," मी म्हटलं, "ते नव्हते जात. मी पाठवलं."

तो हातात पेटती काडी धरून बघत राहिला.

"जाऊ दे म्हणत होते. मी भांडले. मी सांगितलं, फिल्मा आणल्याशिवाय घरी येऊ नका. म्हणून आले नाहीत. त्यांना फिल्मा प्यार्‍या नव्हत्या, मला होत्या. तू आजवर जे बोललास ते सगळं मला बोलायला हवं होतंस." सुवर्णानं तोंडावर हात ठेवला. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी पुतळ्यापाशी बसले, त्या ओल्या पानांवर हात ठेवला आणि मोठ्यानं बोलले, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं.

"ऱ्हाऊ द्या त्या फिल्मा. माले नको. घर या तुम्ही. बठ्ठं ऱ्हाऊ द्या, घर या."

हाताखालची पानं वाळताना मला कळली. पाणी खाली गेलं, वाळूत, तापीकडे. गुरुजी जोरजोरात मंत्र म्हणायला लागले. ललितनं दुसरी काडी ओढली आणि पुतळ्यानं डोक्यापासून पायापर्यंत एकदम पेट घेतला. मी कपाळावरचं कुंकू तिथंच तापीच्या पाण्यानं पुसलं. रडले. खूप रडले, लाज सोडून.

त्यानंतर ललित माझ्याशी बोलला नाही. सुतक फिटलं तरी बोलला नाही. सुवर्णा मध्ये निरोप्यासारखी फिरायची, आईला जेवायला सांग, त्याला चहा विचार. आंधळ्या फुलाची गोष्ट मी एका रात्री सुवर्णाला सांगितली, बाकी काही मागितलं नाही. अठरा वर्षं त्याला बापाचा राग करायला लावला होता, त्याची भरपाई चार दिवसांत होत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "तुझं ते फूल," तो म्हणाला. "मला दाखव."

बाग त्या रविवारी शेवटची उघडी होती. उन्हं चढली होती, फ्लॉक्स सुकला होता, लार्कस्पर करपून आडवा झाला होता. बाक कोरडा होता. मी वर बसूनही पाहिलं. फाटकातून डोकावले, मागे सिमेंटची भिंत होती आणि भिंतीच्या वर हजिऱ्याच्या चिमण्या. सावल्या जिथं पडायला हव्यात तिथंच होत्या. ललित घड्याळापाशी बराच वेळ उभा होता. बारा आकड्यांवरून त्यानं एकेक बोट फिरवलं. वडिलांचं काम त्यानं पहिल्यांदाच असं बघितलं असेल.

मग मी त्याला तिसरा झुपका दाखवला. मला वाटलं होतं, आता ते फूल नसेल. होतं. उन्हानं जरा मान टाकलेलं, पण होतं, डोळ्यावाचून. ललित त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"बाबा काय म्हणाले होते, हे राहिलं तेव्हा?"

मी त्याला सांगितलं.

तेवढ्यात दत्तू माळी खुरपं घेऊन आला. रोजची सवय. "सरका साहेब," तो म्हणाला, "हाई खराब फूल शे, काढी टाकस."

ललितनं फुलावर हात धरला. माझा हा मुलगा, शाळेत गुजराती, कारखान्यात हिंदी, घरी पुण्याच्या माणसांसारखं मराठी बोलणारा, बापाची बोली त्याच्या तोंडून मी अठरा वर्षांत ऐकली नव्हती.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," तो म्हणाला. "ते मन्ही मायनं शे."